चार नावांचा निकाल

२७ जानेवारी २०२४, शनिवार. पुण्यातल्या एका मराठी दैनिकाचा क्रीडा विभाग.

सकाळी ९

प्रजासत्ताक दिनाची सुट्टी काल झाली. २६ला काम बंद, म्हणून आज, २७ला, अंक नाही. उद्याच्या रविवारच्या अंकात वाचकाला दोन दिवसांच्या बातम्या एकदम द्यायच्या आहेत. घरी टीव्हीवर वाशी दिसत होती. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सगेसोयऱ्यांबाबतच्या अधिसूचनेचा मसुदा मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसलेल्या मनोज जरांगे पाटील यांच्या हाती दिला आणि त्यांचं उपोषण सुटलं. उद्याच्या पहिल्या पानाचा लीड तिथेच ठरला.

माझं लक्ष मेलबर्नकडे होतं. ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीची अंतिम लढत आज होती. रोहन बोपण्णा आणि मॅथ्यू एब्डेन ही दुसरी मानांकित जोडी, समोर इटलीचे सिमोने बोलेली आणि आंद्रेआ वावासोरी हे बिगरमानांकित. जानेवारीत मेलबर्नचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. तिथे रात्री महिला एकेरीची अंतिम लढत संपल्यावर दुहेरीवाले कोर्टवर उतरणार, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे चार वाजून जाणार. क्रीडा विभागाला याहून सोयीची वेळ मिळत नाही. विम्बल्डनचा निकाल कधी कधी बाहेरगावची डाक आवृत्ती सुटल्यावर येतो, अमेरिकन ओपनचा तर पहाटे. आज निकाल वेळेत हाती येणार होता. त्यामुळे तो नीट द्यायला कुठलीच सबब उरणार नव्हती.

दुपारी १२

कार्यालयात पोचल्यावर पहिलं काम यादीचं. आज अंक नसल्यामुळे यादी लांबलचक होती. हैदराबादला भारत-इंग्लंड कसोटीचा कालचा दुसरा दिवस आणि आजचा तिसरा. मेलबर्नला काल यानिक सिनरनं नोव्हाक जोकोविचला हरवलं होतं, तर मेदवेदेवनं झ्वेरेवला. उद्या जिंकलेल्या दोघांची एकेरीची अंतिम लढत. २५ तारखेला जाहीर झालेल्या पद्मश्रींच्या यादीत मल्लखांबाचे आपले उदय देशपांडे होते आणि खुद्द बोपण्णाही होता, त्याचीही बातमी हवी. शिवाय जिल्ह्यांतून आलेल्या कबड्डी, खो-खो, बुद्धिबळाच्या कॉप्या.

पान एकच आणि त्यावर खालच्या बाजूला जाहिरात. मी पानाच्या डमीवर खुणा करायला घेतल्या. लीड कसोटीचा, त्याबद्दल वाद नव्हता. दुहेरीसाठी वरच्या उजव्या कोपऱ्यात तीन कॉलम धरले. जिंकले तर तीन, हरले तरी तीन. शेजारचा नवा उपसंपादक म्हणाला, “ताई, हरले तर सिंगल कॉलम पुरेल की.”

मी त्याला म्हटलं, “हरले तरी त्रेचाळीस वर्षांचा माणूस ग्रँडस्लॅमची अंतिम लढत खेळलेला असेल आणि सोमवारी जगात पहिला होणार असेल. सिंगल कॉलममध्ये हे कसं मावेल?”

दुपारी १

ही वेळ पार्श्वभूमी लिहून ठेवण्याची. निकाल आल्यावर घाई होते आणि चुका घाईतच होतात. म्हणून आधीच ठरलेल्या गोष्टी शांतपणे तपासून बाजूला ठेवायच्या.

बोपण्णाचा जन्म ४ मार्च १९८०चा, गाव कोडगूमधलं. उमेदीच्या वयात तो पुण्यात नंदन बाळ यांच्याकडे शिकला, म्हणून या शहराला तो परका नाही. महाराष्ट्र ओपनची दुहेरी त्यानं बालेवाडीत दोनदा जिंकली. २०१९मध्ये दिविज शरणसोबत ल्यूक बॅम्ब्रिज आणि जॉनी ओमारा यांना ६-३, ६-४ असं हरवलं. २०२२मध्ये रामकुमार रामनाथनसोबत ल्यूक सॅव्हिल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ या अव्वल मानांकित जोडीला ६-७ (१०-१२), ६-३, १०-६ असं नमवलं. ती दुसरी लढत ६ फेब्रुवारीची. त्याच सकाळी लतादीदी गेल्या, त्याच दिवशी अहमदाबादला भारताचा हजारावा एकदिवसीय सामना झाला, आणि आदल्या रात्री आपल्या मुलांनी १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकला होता. अशा दिवशी दुहेरीला मिळून किती जागा मिळणार? मात्र इतर दिवशीही दुहेरी तेवढ्याच जागेत आवरायची सवय आपल्या पानांना लागली आहे, आणि ती मोडायला हवी.

बोपण्णाच्या नावावर ग्रँडस्लॅमचं एक विजेतेपद आधीच होतं. ते २०१७च्या फ्रेंच ओपनच्या मिश्र दुहेरीचं, गॅब्रिएला डॅब्रोवस्कीसोबत. पुरुष दुहेरीत तो दोनदा अंतिम फेरीत हरला होता. २०१०मध्ये अमेरिकन ओपनला पाकिस्तानच्या ऐसाम-उल-हक कुरेशीसोबत ब्रायन बंधूंकडून, दोन्ही सेट टायब्रेकमध्ये. २०२३मध्ये तिथेच एब्डेनसोबत राजीव राम आणि जो सॅलिसबरी यांच्याकडून, पहिला सेट ६-२ असा जिंकल्यावर. दोन अंतिम लढतींमध्ये तेरा वर्षांचं अंतर. एवढ्या काळात बहुतेक खेळाडूंची अख्खी कारकीर्द उरकते.

एब्डेनची चौकट वेगळी केली. वय ३६. २०२२ला मॅक्स पर्सेलसोबत विम्बल्डनची पुरुष दुहेरी जिंकलेला. २०१३ला याच मेलबर्नमध्ये मिश्र दुहेरीचा विजेता. २०२३मध्ये तो आणि बोपण्णा एकत्र आले आणि त्याच वर्षी त्यांनी इंडियन वेल्सची मोठी स्पर्धा जिंकली. बोलेलीनं २०१५मध्ये फॅबियो फॉग्निनीसोबत इथलीच पुरुष दुहेरी जिंकली होती. चौथा वावासोरी, त्याची ही पहिलीच ग्रँडस्लॅम अंतिम लढत. चारही नावांचं लेखन एका कागदावर लिहून तो संगणकाशेजारी चिकटवला, म्हणजे पानभर एकच रूप जाईल.

दुपारी २

महिला एकेरीची अंतिम लढत सुरू झाली. अरिना सबालेन्कानं झेंग किनवेनला ६-३, ६-२ असं सव्वा तासात हरवलं. ही बातमी सरळ होती, लगेच लिहून झाली. एकेरीचा निकाल लिहिणं सोपं असतं. एक नाव जिंकलं, एक हरलं, मथळा एका ओळीत बसतो. दुहेरीत नावं चार, देश चारपर्यंत आणि मथळ्याला जागा तेवढीच. जागा कमी पडली की पहिली कात्री जोडीदाराच्या नावाला लागते. आमच्या पानावर ती लागू द्यायची नाही, हे मी सकाळपासून मनाशी धरून होते.

दुपारी साडेतीन

संपादकीय बैठक. वाशी, विधानसभेचं राजकारण, हवामान झाल्यावर क्रीडा विभागाची पाळी आली. मी म्हटलं, “बोपण्णा आणि एब्डेन जिंकले तर पहिल्या पानावर फोटो आणि आत तीन कॉलम.”

वृत्तसंपादकांनी विचारलं, “दुहेरी किती लोक बघतात?”

प्रश्न रास्त होता, म्हणून उत्तरही आकड्यांत दिलं. यंदा मेलबर्नला एकेरीच्या विजेत्याला ३१ लाख ५० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळणार आहेत. दुहेरीच्या विजेत्या जोडीला दोघांत मिळून ७ लाख ३० हजार. बक्षीस कमी, प्रेक्षक कमी, प्रक्षेपण कमी. पण भारतीय टेनिसचा इतिहास काढा. लिअँडर पेस, महेश भूपती, सानिया मिर्झा. जगातलं पहिलं स्थान आपल्याला मिळालं ते दुहेरीतच. १९९९मध्ये पेस आणि भूपती चारही ग्रँडस्लॅमच्या अंतिम फेरीत होते आणि त्यातली फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन त्यांनी जिंकली. ज्या प्रकारात आपला देश सर्वांत वर पोचला, तोच प्रकार आपण पानाच्या तळाशी छापतो. वाचक बघत नाही असं म्हणताना आपण त्याला काय दाखवतो, हेही बघायला हवं.

ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “जिंकू देत. पहिल्या पानावर देऊ.”

संध्याकाळी सव्वाचार

हैदराबादेत दिवसाचा खेळ संपत आला होता. भारताचा पहिला डाव ४३६ धावांत आटोपला, पण इंग्लंडच्या ऑली पोपनं नाबाद १४८ धावा केल्या. दिवसअखेर इंग्लंड ६ बाद ३१६, आघाडी १२६. कसोटीची कॉपी सहकाऱ्याकडे होती. मी टीव्हीचा आवाज वाढवला. रॉड लेव्हर अरेनात चौघं आले होते.

दुहेरीची लढत नुसत्या धावफलकावरून कळत नाही. बोपण्णाची सर्व्हिस उंचावरून, जड येते. ती पडली की एब्डेन नेटवर आडवा सरकतो आणि परतलेला चेंडू हवेतच मारतो. गुण त्याच्या नावावर लागतो, पण तो उभा केलेला असतो बोपण्णानं. उलट एब्डेनचा रिटर्न खाली, पायाशी पडला की समोरचा वाकून चेंडू उचलतो आणि बोपण्णाचा फोरहँड मोकळा होतो. प्रत्येक सर्व्हिसआधी दोघं तोंडावर हात धरून काही बोलतात. सर्व्हिस कुठे जाणार, नेटवरचा कुठल्या बाजूला धावणार, हे तिथे ठरतं. पुढचे चार-पाच फटके त्या दोन वाक्यांवर चालतात. एकेरीत खेळाडू स्वतःशी ठरवतो आणि चुकला तर स्वतः निस्तरतो. दुहेरीत दुसऱ्यावर भरवसा ठेवून धावावं लागतं, आणि तो भरवसा चुकला तर पुढच्या गुणाला पुन्हा ठेवावा लागतो.

संध्याकाळी ५

पहिला सेट ६-६. टायब्रेक.

बोपण्णा-एब्डेन यांनी तो ७-० असा घेतला. विभागात टाळ्या पडल्या. मी लगेच नव्या उपसंपादकाला बोलावून तो आकडा समजावून दिला, कारण निकालाचं मर्म त्यात होतं. टायब्रेकमध्ये पहिली सर्व्हिस एका गुणाची, मग दोन-दोन गुणांची आलटूनपालटून. सात गुण सलग एकाच जोडीला गेले याचा अर्थ त्यातले किमान तीन समोरच्यांच्या सर्व्हिसवर आले. आणि पुरुष दुहेरी हा सर्व्हिस राखण्याचा खेळ आहे. तिथे ७-० हे सहज घडत नाही.

वृत्तसंस्था हा सेट ७-६ (०) असा पाठवतात. कंसात फक्त हरलेल्या जोडीचे गुण, ही टेनिसची आंतरराष्ट्रीय रीत. नेहमी टेनिस न बघणाऱ्या वाचकाला तो शून्य कळत नाही. म्हणून आमच्या पानावर ७-६ (७-०) असं जातं. दोन अक्षरं जास्त लागतात, पण वाचकाला पुरता आकडा मिळतो.

संध्याकाळी ६

दुसरा सेट ५-५पर्यंत बरोबरीत गेला. त्यानंतरचे दोन्ही गेम बोपण्णा-एब्डेन यांनी घेतले, त्यातला एक अर्थातच समोरच्यांची सर्व्हिस मोडून. ७-५. एक तास ३९ मिनिटांत ७-६ (७-०), ७-५.

आमच्याकडे कुणी खुर्चीवर बसून राहिलं नाही. वाणिज्य पानावरची मंडळीही आली. पडद्यावर एब्डेननं बोपण्णाला मिठी मारलेली दिसत होती. ग्रँडस्लॅमच्या पुरुष दुहेरीतला बोपण्णाचा हा ६१वा प्रयत्न होता. एवढे प्रयत्न करून पहिलं विजेतेपद मिळवलेला दुसरा कुणी नाही. आणि एब्डेन हा त्याचा ग्रँडस्लॅममधला १९वा जोडीदार.

संध्याकाळी साडेसहा

आता कॉपी. या अर्ध्या तासात जे लिहिलं जातं ते वर्षानुवर्षं संदर्भ म्हणून वापरलं जातं, म्हणून प्रत्येक विशेषण तपासून घ्यायचं.

‘सर्वांत वयस्क ग्रँडस्लॅम विजेता’ असं काही ठिकाणी झळकू लागलं होतं. ते चूक. मार्टिना नवरातिलोवानं २००६मध्ये अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली तेव्हा तिची पन्नाशी महिनाभरावर आली होती. बरोबर वाक्य असं : खुल्या युगात पुरुष दुहेरीचं ग्रँडस्लॅम जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू. याआधी हा मान २०२२ची फ्रेंच ओपन जिंकणाऱ्या ज्याँ-ज्युलियन रॉयेरचा होता.

‘बोपण्णाचं पहिलं ग्रँडस्लॅम’ हेही अपुरं. २०१७चं मिश्र दुहेरीचं कुठे गेलं? म्हणून ‘पुरुष दुहेरीतलं पहिलं’.

‘भारतीय जोडीचा विजय’ हे तर साफ चूक. एब्डेन ऑस्ट्रेलियाचा, आणि तो घरच्या प्रेक्षकांपुढे खेळत होता.

मग पहिल्या स्थानाचं. दुहेरीची क्रमवारी जोडीची नसते, एकेका खेळाडूची असते. उपांत्य फेरी गाठली तेव्हाच बोपण्णाचं पहिलं स्थान नक्की झालं होतं. तरी क्रमवारी जाहीर होणार सोमवारी, २९ जानेवारीला. म्हणून ‘पहिल्या स्थानी पोचला’ न लिहिता ‘सोमवारी पोचेल’ असं लिहिलं.

लढतीनंतर बोपण्णा बोलला ते मला महत्त्वाचं वाटलं. काही वर्षांपूर्वी पाच महिने एकही सामना जिंकता येत नव्हता, तेव्हा आता थांबावं असं त्याच्या मनात आलं होतं. गुडघ्यांची कूर्चा झिजलेली. तिथून त्याला अय्यंगार योगानं आधार दिला, हे तो अनेकदा सांगत आला आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात बसून जी पद्धत घडवली, तिचा गुण असा मेलबर्नच्या कोर्टवर दिसला. पुण्याच्या वाचकाला हे कळायला हवं, म्हणून त्याला स्वतंत्र परिच्छेद दिला.

रात्री ८

डाक आवृत्तीचं पान. ऑपरेटरशेजारी बसून मथळा बसवायचा होता. तीन कॉलमांत ‘बोपण्णा-एब्डेन अजिंक्य’ बसत होतं, पण अक्षर एक आकार लहान करावं लागत होतं. ऑपरेटर म्हणाला, “नुसतं बोपण्णा घेतलं तर मथळा ठसठशीत होईल, ताई.”

दिसायला ते बरं दिसलं असतं हे खरं. पण एब्डेन नसता तर हा निकालच नसता. बोपण्णानं स्वतः कधी जोडीदाराला वगळून जिंकल्याचं सांगितलं नाही, मग आम्ही कोण वगळणारे? अक्षर लहान केलं आणि दोन्ही नावं ठेवली. फोटोही दोघांचा, करंडक दोघांच्या हातात असलेला. पराभूत जोडीची नावं इंट्रोमध्येच घेतली, शेवटच्या ओळीवर ढकलली नाहीत. पान सुटलं.

रात्री ९

तालुक्याच्या एका वार्ताहराचा फोन. आंतरशालेय बॅडमिंटनचा निकाल त्यानं पाठवला होता. दुहेरीत ‘अमुक शाळेचा संघ विजयी’ एवढंच, नाव एकाच मुलीचं.

“दुसरी कोण?” मी विचारलं.

“दुसरी तिच्याच वर्गातली आहे. नाव विचारायला हवं.”

“विचारा. हरलेल्या दोघींचीही घ्या. मी जागा धरून ठेवते.”

वीस मिनिटांत चारही नावं आली. बातमी चार ओळींची होती, ती पाच ओळींची झाली. उद्या सकाळी त्या गावात चार घरांत अंक कापून ठेवला जाईल. निकालाच्या रकान्याचा उपयोग माझ्या मते हाच आहे.

रात्री साडेदहा

शहर आवृत्तीत भर. बक्षिसाची रक्कम, पंतप्रधानांपासून क्रिकेटपटूंपर्यंतची अभिनंदनं, आणि एक छोटी चौकट : पुरुष दुहेरीचं ग्रँडस्लॅम जिंकणारे भारतीय. पेस, भूपती आणि आता बोपण्णा. तीनच नावं. ऑस्ट्रेलियात हा करंडक याआधी भारताकडे आला तो २०१२मध्ये, पेस आणि रॅडेक स्टेपानेक यांच्या विजयानं. चौकटीतही प्रत्येक विजेतेपदासमोर जोडीदाराचं नाव घातलं. पहिल्या पानावर वाशीच्या बातमीखाली फोटो लागला होता. वृत्तसंपादकांनी शब्द पाळला.

मध्यरात्री १२

छपाई सुरू झाली. पहिला अंक हातात घेऊन आकडे पुन्हा ताडले. ७-६ (७-०), ७-५. नावं चार, लेखन सगळीकडे एकसारखं.

टेनिस शिकवणाऱ्या आणि मुलांना कोर्टवर नेणाऱ्या सर्वांना एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडे दुहेरी म्हणजे एकेरीत जमलं नाही की धरायची वाट, असं मुलांच्या कानावर लवकर पडतं. बोपण्णाची त्रेचाळिशी हे त्याचं उत्तर आहे. दुहेरीला वेगळी नजर लागते, वेगळा सराव लागतो, आणि दुसऱ्याच्या चुकीवर न चिडता पुढचा गुण खेळण्याचा स्वभाव लागतो. हे लहानपणापासून शिकवलं तरच येतं. आठवड्यातला एक तरी दिवस मुलांना जोडीनं खेळवा.

आणि वाचकांना एक विनंती. क्रीडा पानावर दुहेरीचा निकाल दिसला की चारही नावं वाचा. त्यातलं एखादं गाळलेलं आढळलं तर संपादकांना पत्र लिहा. आम्ही ती पत्रं वाचतो, आणि पानावरची जागा अशा पत्रांमुळे बदलते.